फुप्फुसातील पांढऱ्या पेशी आणि गोव्याची हवा

आमच्या फोंडा भागात कोणाला फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे कळले की विचारपूस करायला येणाऱ्यांच्या तोंडून दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, "ओढायचे का हो?" आणि ओढत नव्हते असे उत्तर मिळाले की दुसरे, "मग प्रतिकारशक्ती कमी पडली असणार." दोन्ही वाक्यांमागे आपुलकी असते यात शंका नाही. पण दोन्हींचा अर्थ एकच निघतो, की ज्याला आजार झाला त्याचेच काही तरी चुकले.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वाड्यावरील एका काकूंच्या घरी मी हे जवळून पाहिले. साठी ओलांडलेल्या या बाईंनी विडीकाडीला कधी हात लावला नव्हता. खोकला हटेना म्हणून काढलेल्या एक्स-रेत डाग दिसला, थुंकीत जंतू सापडले नसतानाही क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि पाच महिन्यांनी सीटी स्कॅन व बायोप्सी झाली तेव्हा कुठे खरे निदान हाती आले. मधल्या काळात भेटीला आलेल्या प्रत्येकाने प्रतिकारशक्ती वाढवणारे काही ना काही आणून दिले होते: गुळवेलीचा रस, काढ्याची पूड, हळद-मिरीच्या गोळ्या. देवघराच्या शेजारच्या फळीवर त्या बाटल्यांची रांग लागली होती, आणि काकू त्यांतील प्रत्येक वस्तू वेळेवर घेत होत्या, कारण आपण कुठे तरी कमी पडलो ही समजूत एव्हाना त्यांच्याही मनात पक्की झाली होती.

ही समजूत चुकीची आहे, आणि ती केवळ काकूंच्या मनाला लागली एवढ्यापुरतीच अन्यायकारक नाही, तर ती आपल्या सार्वजनिक विचारालाही चुकीच्या दिशेने नेते, असे माझे म्हणणे आहे. पांढऱ्या पेशी फुप्फुसाच्या कर्करोगाशी कशा वागतात, याविषयी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे कळले आहे ते नीट वाचले, तर प्रतिकारशक्ती ही ज्याची त्याने घरी बसून वाढवायची खासगी पुंजी राहत नाही. ती आपण सर्व मिळून ज्या हवेत श्वास घेतो त्या हवेशी, आणि सरकारी दवाखान्यात निदान किती लवकर होते याच्याशी बांधलेली दिसते.

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक, हे वाक्य मी किती वर्गांना सांगितले असेल याची गणती नाही. मुलांना ते चटकन समजते, आणि जंतूंच्या बाबतीत ते बरेचसे खरेही आहे. कर्करोगाच्या बाबतीत मात्र ही उपमा अपुरी पडते, कारण तिच्यातून असे वाटते की सैनिक कमी झाले म्हणून शत्रू जिंकला. निरोगी प्रौढाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कित्येक रुग्णांत हा आकडा कमी झालेला नसतो. उलट न्यूट्रोफिल या जातीच्या पेशी वाढलेल्या आढळतात. न्यूट्रोफिलांचे लिंफोसाइट पेशींशी असलेले प्रमाण जितके चढे, तितके रुग्णाचे पुढचे आयुर्मान कमी, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणजे पेशी भरपूर असूनही रोग बळावू शकतो. तेव्हा पेशी किती आहेत यापेक्षा त्या काय करत आहेत, आणि त्यांना तसे करायला कोणी लावले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

त्या काय करतात हे थोडे सविस्तर सांगायला हवे. फुप्फुसातील एखादी पेशी बिघडली की तिच्या पृष्ठभागावर वेगळ्या प्रथिनांचे तुकडे दिसू लागतात. डेन्ड्रायटिक पेशी (पहारा देणाऱ्या पांढऱ्या पेशी) हे तुकडे उचलून जवळच्या लसीका गाठीत नेतात आणि तिथल्या टी पेशींना, म्हणजे लिंफोसाइटांच्याच एका प्रकाराला, दाखवतात. ज्या टी पेशीला तो तुकडा ओळखता येतो ती आपल्यासारख्या अनेक पेशी तयार करते, त्या पेशी रक्तातून फुप्फुसात पोचतात, बिघडलेल्या पेशीला चिकटतात, परफोरिन या प्रथिनाने तिच्या आवरणाला भोके पाडतात आणि ग्रॅन्झाइम नावाची विकरे आत सोडून तिला मरायला लावतात. हे काम बहुतेक वेळा आपल्या नकळत पार पडत असावे, असे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून वाटत होते. या शतकाच्या आरंभी रॉबर्ट श्रायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग करून त्याला पुरावा दिला आणि या झगड्याच्या तीन अवस्था मांडल्या: पहिल्या अवस्थेत बिघडलेल्या पेशींचा नायनाट होतो, दुसऱ्या अवस्थेत दोन्ही बाजू वर्षानुवर्षे एकमेकींना रोखून धरतात, आणि तिसऱ्या अवस्थेत कर्करोग निसटतो.

तो कसा निसटतो, हे कळल्यावर सैनिकांची उपमा मागे ठेवावी लागते. टी पेशीच्या अंगावर पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो. आपल्याच निरोगी अवयवांवर तिने हल्ला करू नये म्हणून शरीराने तो दिलेला आहे. कर्करोगाच्या पेशी पीडी-एल-१ हे प्रथिन पुढे करून नेमका हाच ब्रेक दाबतात. टी पेशी जागच्या जागी असते, शत्रूला ओळखते, आणि तरीही स्वस्थ राहते. शिवाय कर्करोगाच्या गाठीभोवती नियामक टी पेशी जमतात, ज्यांचे कामच मुळी इतर टी पेशींना आवरण्याचे असते. मॅक्रोफेज पेशी, ज्यांनी कचरा गिळून साफसफाई करायची, त्या गाठीच्या आसपास गेल्यावर जखम भरून काढण्याच्या कामाला लागल्यासारख्या वागतात, नव्या रक्तवाहिन्या वाढायला मदत करतात आणि अशा रीतीने गाठीलाच पोसतात. न्यूट्रोफिलांविषयी २०१८ साली अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतून जे प्रसिद्ध झाले ते तर वाचून मी बराच वेळ विचारात पडले होते. तंबाखूच्या धुराने उंदरांच्या फुप्फुसात दाह निर्माण झाला तेव्हा न्यूट्रोफिल पेशींनी आपल्याच डीएनएची जाळी बाहेर फेकली, आणि त्या जाळीवरील विकरांच्या क्रियेने फुप्फुसात निपचित पडून राहिलेल्या कर्करोगपेशी पुन्हा वाढू लागल्या. म्हणजे या पेशी कमकुवत नव्हत्या. धुराने त्यांना जे काम सांगितले ते त्या इमानाने करत होत्या.

आता "प्रतिकारशक्ती वाढवा" या सल्ल्याचे काय करायचे? वाढवायची म्हणजे यातील कोणती पेशी वाढवायची? न्यूट्रोफिल वाढले तर ते रुग्णाला बाधक ठरू शकते, नियामक पेशी वाढल्या तर टी पेशी आणखी दबतात, आणि टी पेशींचा ब्रेक सरसकट काढला तर त्या निरोगी फुप्फुस, आतडे, यकृत, थायरॉइड यांच्यावरही चालून जातात. ब्रेक काढणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांत हे प्रत्यक्ष घडते आणि तेव्हा डॉक्टरांना स्टेरॉइड देऊन हीच प्रतिकारशक्ती खाली आणावी लागते. करोनाच्या साथीच्या काळात मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी २०२१ साली प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने तो संबंध अमान्य केला. त्या वादाचा निकाल काहीही लागो, कर्करोगाच्या रुग्णाने डॉक्टरांना न विचारता असे काही घेऊ नये, एवढे तरी त्यातून घ्यायला हवे. सकस आहार, झोप, चालणे यांचे महत्त्व मी नाकारत नाही. पण काढ्याच्या बाटलीने पीडी-१ चा ब्रेक सुटत नाही.

तो ब्रेक ज्याने सुटतो ती औषधे आज आहेत, आणि त्यांची कथा मानवी बुद्धीविषयी आदर वाटायला लावणारी आहे. क्योतो विद्यापीठातील तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ साली पीडी-१ शोधला तेव्हा त्याचा कर्करोगाशी काही संबंध असेल याची कल्पना कोणाला नव्हती. दुसऱ्या एका ब्रेकवर जेम्स ॲलिसन अमेरिकेत काम करत होते. दोघांना २०१८ चे नोबेल मिळाले. फुप्फुसाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत निवोलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब या औषधांना २०१५ साली मान्यता मिळाली. ज्यांच्या गाठीतील निम्म्या किंवा अधिक पेशींवर पीडी-एल-१ आढळते अशा ३०५ रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत, पेम्ब्रोलिझुमॅबपासून उपचार सुरू केलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते; नेहमीच्या केमोथेरपीने सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण सुमारे १६ टक्के होते. पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगात पाच वर्षे हा शब्द उच्चारणेसुद्धा एके काळी अवघड होते, हे ध्यानात घेतले की या आकड्याचे मोल समजते.

परंतु इथे एक गोष्ट आहे, जी आपल्याकडील चर्चेत क्वचितच येते आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. ही औषधे सर्वांना सारखी लागू पडत नाहीत. वर्षानुवर्षे धूम्रपान केलेल्यांच्या गाठीत उत्परिवर्तनांची, म्हणजे जनुकांतील बदलांची, संख्या मोठी असते, त्यामुळे ती गाठ टी पेशींना परकी म्हणून ओळखणे सोपे जाते, आणि ब्रेक काढताच त्या हल्ला करतात. ज्यांनी कधी धूम्रपान केले नाही त्यांच्यात बऱ्याचदा ईजीएफआर या एका जनुकातील बिघाडाने कर्करोग होतो; तिथे उत्परिवर्तने थोडी, टी पेशींची वर्दळही कमी, आणि ब्रेक काढणाऱ्या औषधांचा लाभ बराच मर्यादित. अशा रुग्णांसाठी ओसिमर्टिनिबसारख्या गोळ्या आहेत आणि त्या आयुष्य वाढवतात, पण बहुतेक वेळा पुढे कधी तरी रोग त्यांनाही दाद देईनासा होतो. आमच्या काकू याच गटात मोडतात.

मग धूम्रपान न करणाऱ्यांच्या फुप्फुसात हा रोग सुरू कसा होतो? लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतील चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटाने २०२३ साली याचे जे उत्तर दिले त्यात पुन्हा पांढऱ्या पेशीच मध्यवर्ती आहेत. चार देशांतील ईजीएफआर प्रकारच्या सुमारे ३३,००० रुग्णांची माहिती तपासली असता, हवेतील पीएम २.५ हे सूक्ष्म कण जिथे जास्त तिथे हा कर्करोग जास्त, असे दिसले. मग त्यांनी निरोगी फुप्फुसाचे नमुने तपासले तेव्हा १८ टक्के नमुन्यांत ईजीएफआरचा आणि ५३ टक्के नमुन्यांत केआरएएस या दुसऱ्या जनुकाचा बिघाड आधीपासूनच होता. बिघडलेल्या पेशी तिथे होत्या, पण शांत होत्या. उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले की सूक्ष्म कण वायुकोशांत शिरले की मॅक्रोफेज पेशी तिथे गोळा होतात आणि इंटरल्युकिन-१ बीटा हे दाहकारक द्रव्य सोडतात, आणि त्या दाहामुळे शांत असलेल्या पेशी वाढीला लागतात. धुळीच्या कणाला उत्तर देणे हे मॅक्रोफेजचे कामच आहे. पण धूळ रोज येत राहिली तर उत्तरही रोज दिले जाते.

या विचाराला माणसांमधूनही एक दुजोरा आधीच मिळालेला होता. हृदयविकाराच्या १०,००० हून अधिक रुग्णांवरील एका चाचणीत हेच द्रव्य अडवणारे औषध दिले गेले होते, आणि २०१७ साली निष्कर्ष आले तेव्हा सर्वांत मोठी मात्रा घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण ६७ टक्क्यांनी कमी आढळले. पुढे, ज्यांना कर्करोग आधीच झाला होता अशांवर तेच औषध वापरून पाहिले तेव्हा अपेक्षित यश आले नाही. मला यातून इतकेच दिसते की दाह थांबवण्याची वेळ रोग होण्याच्या आधीची असते, आणि ती टळली की मागाहून तेच औषध भरून काढू शकत नाही. निरोगी माणसांना आयुष्यभर असे औषध देणे शक्यही नाही आणि इष्टही नाही. हवा स्वच्छ ठेवणे मात्र शक्य आहे.

इथे गोव्याचा विचार सुरू होतो. तंबाखूच्या बाबतीत आपल्या राज्याने देशाला मार्ग दाखवला आहे. डॉ. शरद वैद्य यांच्यासारख्या कर्करोग शल्यविशारदाने उभी केलेली चळवळ आणि १९९७ चा धूम्रपान व थुंकण्यास बंदी करणारा गोव्याचा कायदा हे देशपातळीवरील कायद्याच्या सहा वर्षे आधीचे आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत गोव्यात तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण ९.७ टक्के होते, सर्व राज्यांत सर्वांत कमी. देशाचे प्रमाण २८.६ टक्के होते. तेव्हा कायदा आणि लोकमत एकत्र आले की फुप्फुसे वाचवता येतात, हे आपल्याला पुस्तकातून शिकायची गरज नाही. पण तंबाखूवर हे यश मिळवलेल्या राज्यात, "ओढायचे का हो?" या प्रश्नाने ज्यांचे कारण सापडत नाही अशा रुग्णांचा वाटा साहजिकच अधिक लक्ष वेधून घेणार, आणि हे तेच रुग्ण आहेत ज्यांना नव्या, महागड्या प्रतिकारोपचारांचा लाभ सर्वांत कमी मिळतो. म्हणून गोव्यापुरते तरी, प्रतिकारशक्तीचे धोरण म्हणजे हवेचे धोरण, असे मला वाटते.

मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा रेल्वेने आणि रस्त्याने कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे जातो, आणि वास्कोतील रहिवासी घरांवर बसणाऱ्या काळ्या पुडीविषयी वर्षानुवर्षे तक्रार करत आले आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये दक्षिण गोव्यातील चांदोरला रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाविरुद्ध माणसे रात्रभर रुळांजवळ बसली तेव्हा त्यांच्या मागणीत कोळशाचा प्रश्न होताच. डिचोली, सांगे, सत्तरीतील खनिजवाहू ट्रकांच्या रस्त्याकडेला राहणाऱ्यांना धूळ काय असते हे मी सांगायला नको. काटेकोरपणे बोलायचे तर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या कोळशाच्या धुळीला माणसातील कर्करोगाचे सिद्ध कारण म्हटलेले नाही, आणि ते मी लपवणार नाही. पण त्याच संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला आणि २०१३ साली हवेतील सूक्ष्म कणांना सिद्ध कारणांच्या पहिल्या गटात टाकले आहे, आणि घरातील लाकूडफाट्याच्या धुराला बहुधा कर्करोगकारक ठरवले आहे. ट्रक डिझेलवर चालतात, रस्त्यावरची धूळ चाकांखाली दळली जाते, आणि काकूंच्या पिढीतील बायकांनी चुलीपुढे व काजूच्या भट्टीपाशी जन्म काढला आहे.

यावर दोन उत्तरे दिली जातात. एक, गोव्याची हवा दिल्लीच्या मानाने कितीतरी चांगली आहे. ते खरे आहे. पण दिल्ली हे माप कशाला घ्यायचे? पीएम २.५ साठी भारताची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून ५ हा आकडा सुचवला आहे. मॅक्रोफेज पेशीला राष्ट्रीय मानक माहीत नसते. दुसरे उत्तर जास्त गंभीर आहे: बंदर आणि खाणी यांवर हजारो घरे चालतात. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणकाम थांबले तेव्हा ट्रकमालकांचे आणि बार्जवरील कामगारांचे काय हाल झाले ते मी पाहिले आहे, आणि त्यांच्या पोटावर पाय देऊन कोणाचे फुप्फुस वाचवा असे मी म्हणणार नाही. पण बंद शेडमध्ये माल साठवणे, ताडपत्रीऐवजी पूर्ण झाकलेली वाहने आणि वाघिणी, रस्ते धुणे, वस्तीबाहेरून वळणमार्ग, आणि शाळा व दवाखान्यांच्या आवारात बसवलेली, आकडा मराठी-कोंकणीत फलकावर दाखवणारी मापनयंत्रे, यांतील कशानेही कोणाची नोकरी जात नाही. खर्च होतो, आणि तो खर्च आज रुग्ण सोसतो आहे.

उपचारांबाबतही सरकारकडून अधिक मागायला हवे. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीनपर्यंत माणसांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांचे संरक्षण आहे. योजना चांगली आहे, पण ब्रेक काढणाऱ्या औषधांच्या पूर्ण मात्रांसमोर ही रक्कम लवकर संपते. केंद्राने २०२४ साली ओसिमर्टिनिब आणि दुर्व्हालुमॅब (ब्रेक काढणारे आणखी एक औषध) यांवरील सीमाशुल्क माफ केले, त्याने थोडा फरक पडला. अधिक आशा मला मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांच्या कामातून वाटते. त्यांनी डोके व मानेच्या कर्करोगात निवोलुमॅब नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, इतर औषधांच्या जोडीने देऊन पाहिले, आणि एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. फुप्फुसाच्या कर्करोगात हा मार्ग किती चालतो ते चाचण्यांनीच ठरेल, आणि बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाने अशा चाचण्यांत आपले रुग्ण सामील करून घ्यावेत, ईजीएफआर व पीडी-एल-१ या तपासण्या प्रत्येक रुग्णाला मोफत मिळाव्यात, आणि थुंकीत जंतू सापडले नाहीत व गोळ्यांनी डाग हटला नाही तर महिनाभरात सीटी स्कॅन झालेच पाहिजे असा लेखी नियम आरोग्य खात्याने काढावा. क्षयाच्या गोळ्यांत काकूंचे जे पाच महिने गेले ते कोणत्याही औषधाने परत येणार नाहीत.

काकूंच्या पहिल्या नोंदणीच्या वेळी मी त्यांच्यासोबत होते. कागदावर धूम्रपानाचा रकाना होता. त्यात "नाही" लिहिले गेले आणि पुढचा प्रश्न आला. चुलीपुढे किती वर्षे, घर रस्त्यापासून किती अंतरावर, समोरून ट्रक किती काळ गेले, असे विचारणारा रकाना तिथे नव्हता. तो छापायला फार पैसे लागत नाहीत. प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत ही माहिती भरून गावनिहाय प्रसिद्ध केली, तर पाच-सात वर्षांत कोणत्या पंचायतीत कोणता धूर आधी थांबवायचा हे वादाशिवाय ठरवता येईल.